जपानी कोठाराचे छापचित्र: चुन्याची भिंत लाकडात कशी कोरावी

जपानमधील ओकायामा प्रांतात कुराशिकी हे शहर आहे. १६४२ साली ते तोकुगावा राजवटीच्या थेट अमलाखाली आले आणि तांदूळ व कापूस यांचा व्यापार वाढला, तशी तेथील कालव्याच्या दोन्ही काठांवर व्यापाऱ्यांची कोठारे उभी राहिली. या कोठाराला जपानी भाषेत ‘कुरा’ म्हणतात. वर करड्या कौलांचे जड छप्पर, त्याखाली पांढरीशुभ्र चुन्याची भिंत, आणि भिंतीच्या खालच्या भागात काळ्या चौकोनी फरशा व त्यांमधून फिरणाऱ्या फुगीर पांढऱ्या सांध्यांची जाळी, असे या इमारतीचे रूप असते. आजचे जपानी छापचित्रकार ज्या पारंपरिक इमारतींकडे पुन्हा पुन्हा वळतात, त्यांत क्योतोची लाकडी जाळ्यांची घरे आणि गवताने शाकारलेली शेतघरे यांच्याइतकेच या कोठारांना स्थान आहे.

या लेखात अशाच एका कोठाराचे बहुरंगी छापचित्र जपानी पद्धतीने, म्हणजे लाकडी फळी, पाण्यातले रंग, खळ आणि हातातली गोल दाबणी वापरून कसे करावे, हे आरंभापासून अखेरपर्यंत सांगितले आहे. या पद्धतीला ‘मोकुहांगा’ म्हणतात. छापखान्यातील यंत्र, तेलाची शाई किंवा रूळ यांपैकी काहीही तिला लागत नाही. खिडकीजवळचे एक टेबल पुरते. लागतो तो वेळ. पहिल्या चित्राला रोज दोन तास दिले, तरी चार ते पाच आठवडे सहज जातात.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढील सर्व सूचना तिच्यातून निघतात. इमारतीचे छापचित्र करताना रंगांच्या फळ्या कशा वाटायच्या, हे चित्राकडे पाहून ठरवू नये. इमारत ज्या कारागिरांनी उभी केली, त्यांच्या कामाकडे पाहून ठरवावे. कौले बसवणारा, गिलावा करणारा गवंडी आणि सुतार असे तीन हात या कोठारावर फिरलेले असतात. तुमच्या फळ्यांची वाटणीही त्याच तीन हातांप्रमाणे झाली, तर चित्र आपोआप घट्ट बांधले जाते.

आधी कोठार समजून घ्या

कुराची भिंत विटांची नसते. लाकडी सांगाड्यात बांबूच्या कामट्यांची जाळी बांधून तिच्यावर भाताचा पेंढा मिसळलेली माती थरावर थर देऊन चढवतात आणि प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा देतात. त्यामुळे भिंत चांगली वीतभर किंवा त्याहून जाड होते आणि आतला माल आगीपासून वाचतो. सर्वांत वर ‘शिक्कुई’ नावाचा गिलावा येतो. विरवलेला चुना, तागासारखे धागे आणि समुद्रशेवाळ उकळून काढलेला चिकट रस यांचे ते मिश्रण असते. आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या चुनेगच्चीत गूळ किंवा बेलफळाचा रस घालत, त्याची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे.

पावसाचा मारा भिंतीच्या खालच्या भागावर अधिक होतो, म्हणून तेथे साधारण फूटभर रुंदीच्या चौकोनी भाजलेल्या फरशा ठोकतात आणि त्यांचे सांधे चुन्याने भरतात. हे सांधे सपाट न ठेवता अर्धगोल फुगीर करतात, म्हणजे पाणी त्यांवरून ओघळून जाते. समुद्रकाकडी नावाच्या गोलसर लांबट प्राण्यासारखे ते दिसतात आणि त्या प्राण्याचे जपानी नाव ‘नामाको’, म्हणून ही ‘नामाको-काबे’, अर्थात नामाको भिंत. सांधा फुगीर असतो हे नीट लक्षात ठेवा. छापताना त्याचा मोठा उपयोग होणार आहे.

छपरावर कुराशिकीत जुन्या पद्धतीची ‘होनगावारा’ कौले दिसतात. रुंद, किंचित खोलगट कौलांच्या रांगा आणि त्यांच्या सांध्यांवर पालथी घातलेली अर्धनळीसारखी कौले, अशी ती रचना असते. कोकणातील नळीच्या कौलांचे घर ज्याने पाहिले आहे, त्याला हे छप्पर समजावून सांगावे लागणार नाही. फरक रंगाचा आहे. जपानी कौले भट्टीत अखेरीस धुरावर धरतात, त्यामुळे ती लाल न राहता चंदेरी करडी होतात.

दोन घराणी, आणि त्यांतून निवड

जपानी छापचित्रात इमारत दाखवण्याच्या दोन वाटा आहेत आणि काम सुरू करण्यापूर्वी त्यांतील एक निवडावी लागते. पहिल्या वाटेत काळ्या रेषांची एक मुख्य फळी सर्व आकार बांधून ठेवते आणि रंगांच्या फळ्या त्या रेषांच्या आत भरतात. कावासे हासुई (१८८३–१९५७) यांनी प्रकाशक वातानाबे शोझाबुरो यांच्यासाठी केलेली देवळांची आणि गावांची चित्रे या वाटेची आहेत. चित्रकार, कोरणारा आणि छापणारा हे तेथे वेगवेगळे असत. योशिदा हिरोशी (१८७६–१९५०) यांनी निक्को येथील योमेइमोन या कोरीव दरवाज्याचे १९३७ साली केलेले चित्र ९६ छापांचे आहे, म्हणजे प्रत्येक कागद ९६ वेळा फळीवर ठेवून उचलला गेला. हेच योशिदा १९३०–३१ च्या प्रवासात भारतात आले होते आणि ताजमहालाबरोबर अजिंठा व वेरूळ यांचीही छापचित्रे त्यांनी केली. मराठी वाचकाने ती आवर्जून शोधून पाहावीत. ओळखीचा दगड या पद्धतीत कसा दिसतो, हे त्यांतून लगेच कळते.

दुसऱ्या वाटेत चित्रकार स्वतःच काढतो, कोरतो आणि छापतो. साइतो कियोशी (१९०७–१९९७) यांनी क्योतो-नारा येथील देवळे आणि आइझू भागातील बर्फात बुडालेली घरे मोठ्या सपाट आकारांत मांडली आणि भिंतीच्या जागी फळीचीच नस छापून घेतली. पुढच्या पिढीतील निशिजिमा कात्सुयुकी (जन्म १९४५) जुनी दुकाने, कोठारे आणि गावरस्ते ठसठशीत काळ्या रेषेत व उजळ रंगांत दाखवतात, तर मोरिमुरा रे (जन्म १९४८) देवळांचे व बागांचे रूपांतर जवळजवळ भूमितीत करतात.

पहिल्या चित्रासाठी मुख्य रेषांची फळी वापरावी, असे माझे ठाम मत आहे. सपाट आकारांची वाट दिसायला सोपी वाटते. पण दोन रंग एकमेकांना जेथे भिडतात, तेथे केसभर चूकही पांढऱ्या फटीच्या रूपाने उघडी पडते. रेषा असेल, तर ती चूक रेषेखाली झाकली जाते.

रेखाटन आणि फळ्यांची वाटणी

चित्र २४ सेंटिमीटर रुंद आणि १८ सेंटिमीटर उंच ठेवा, कागद ३० × २५ आणि फळी ३४ × २८ सेंटिमीटर. कोठार समोरून किंवा अगदी थोडे तिरपे घ्या. छायाचित्रावरून काम करत असाल, तर मोबाइलच्या कॅमेऱ्यात उभ्या भिंती वर जाताना एकमेकींकडे झुकतात, हे ध्यानात ठेवून त्या गुण्या लावून सरळ करा. ही चूक छायाचित्रात खटकत नाही, पण कोरलेल्या रेषेत इमारत मागे पडत असल्यासारखी दिसते.

नंतर उन्हाची वेळ ठरवा. मला सकाळी दहाच्या सुमाराचे ऊन या विषयाला योग्य वाटते, कारण तेव्हा वळचणीची सावली पांढऱ्या भिंतीवर तिरपी उतरते आणि ती एकच सावली छपराचे पुढे आलेले माप सांगून जाते.

आता वाटणी करू. दोन फळ्या, दोन्ही बाजू वापरून, म्हणजे चार पृष्ठे पुरतात. पहिल्या फळीच्या पुढच्या बाजूला मुख्य रेषा: छपराची कड, नळीच्या कौलांच्या रांगा, भिंतीचे कोपरे, दार आणि खिडकीचे गज. मागच्या बाजूला फिकट करडा रंग: छपराचा तळरंग आणि भिंतीवरची सावली, दोन्ही एकच. दुसऱ्या फळीच्या पुढे गडद निळसर करडा: नामाको भिंतीच्या फरशा आणि कौलांमधील खोल भाग. तिच्या मागे दोन रंग एकत्र बसतात, वर आकाश आणि खाली दाराचे तपकिरी लाकूड, कारण या दोहोंत काही सेंटिमीटरचे अंतर आहे आणि दोन वेगळे कुंचले तेथे एकमेकांत न मिसळता चालवता येतात.

चुन्याच्या भिंतीला फळी नाही. तेथे कागदच राहील. पांढरा रंग लावण्याचा मोह अनेकांना होतो आणि तो कागदाच्या उबदार पांढऱ्यापुढे खडूसारखा दिसतो. तसेच नामाको सांध्यांना काळी बाह्यरेषा काढू नका. गवंड्याने तेथे रेषा काढलेली नाही, त्याने दोन काळ्या फरशांमध्ये पांढरा उंचवटा ठेवला आहे, आणि आपणही तेच करणार आहोत.

लाकूड

जुने कोरणारे ‘यामाझाकुरा’ या डोंगरी चेरीच्या फळ्या वापरत. हे लाकूड घट्ट आणि बारीक पोताचे असते, केसासारखी रेषा त्यात हजारो छापांपर्यंत टिकते, पण ते महाग आणि नवशिक्याच्या हाताला कठीण आहे. आज शिकणारे बहुतेक जण ‘शिना’ लाकडाचे प्लायवुड घेतात. ते मऊ असते, दोन्ही बाजूंनी सारखे असते आणि ९ मिलिमीटर जाडीचे पुरते. भारतात कोरीव कामासाठी विकले जाणारे बासवुड हे त्याच जातकुळीचे लाकूड आहे आणि ते चालते. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, घेऊ नका; पाण्यातल्या रंगांनी ते फुगते आणि दुसऱ्याच दिवशी बारीक रेषा फुलून येतात. फर्निचरच्या साध्या प्लायवुडचा वरचा थर कोरताना सालीसारखा उडतो.

फळी कापून घेताना लाकडाची नस कोणत्या दिशेने जाईल, हा प्रश्न सर्वांत आधी सोडवा. नसेच्या दिशेने कोरलेली बारीक रेषा मजबूत राहते. नसेला आडवी कोरलेली रेषा म्हणजे लहान लहान तुकड्यांची रांग असते आणि ती कोरणी लागताच मोडते. मी पहिल्यांदा क्योतोच्या घराची उभी लाकडी जाळी आडव्या नसेच्या फळीवर कोरली आणि बावीस गजांपैकी नऊ गज छापण्यापूर्वीच तुटले. ती फळी टाकून द्यावी लागली. आपल्या कोठारात छपराची कड, पाया आणि गिलाव्याच्या कडा या सर्वांत लांब रेषा आडव्या आहेत, म्हणून नस आडवी घ्या आणि खिडकीचे चार-पाच गज थोडे जाड ठेवा.

चित्र फळीवर उतरवणे

पातळ कागदावर मुख्य रेषांचे स्वच्छ काळे रेखाटन करा. जपानीत त्याला ‘हानशिता’ म्हणतात. त्याच कागदावर कागद बसवण्याच्या दोन खुणाही काढा. या खुणांना ‘केन्तो’ म्हणतात आणि सगळी पद्धत त्यांच्यावर उभी आहे. फळीवर तुमच्या समोरच्या कडेला उजव्या कोपऱ्यात काटकोनी खूण येते, तिला ‘कागी’ म्हणतात (रेखाटन पालथे चिकटणार, म्हणून त्यावर डावी-उजवी बाजू उलट काढा). त्याच कडेवर डावीकडे एक सरळ खूण येते, ती ‘हिकित्सुके’. कागदाचा उजवा कोपरा पहिल्या खुणेत आणि खालची कड दुसऱ्या खुणेला टेकली, की तो प्रत्येक वेळी त्याच जागी बसतो.

फळीवर भाताची पातळ खळ तळहाताने एकसारखी पसरा आणि रेखाटन पालथे चिकटवा. मधून हवा राहू देऊ नका. अर्धवट वाळल्यावर बोटाचे टोक किंचित ओले करून कागदाचा मागचा थर हळूहळू चोळून सोलून काढा. रेषा उलट्या, स्वच्छ दिसू लागतील. थेंबभर कॅमेलियाचे किंवा कोणतेही फिकट तेल फिरवले, की उरलेला कागद पारदर्शक होतो. चित्र आता उलटे आहे. छापल्यावर ते सुलटे होईल.

कोरणे

हत्यारे पाच पुरतात. ‘हांगितो’ हा तिरप्या पात्याचा कोरण्याचा चाकू, दोन मापांच्या ‘कोमासुकी’ म्हणजे गोल तोंडाच्या कोरण्या, रेषांजवळचे लाकूड काढण्यासाठी ‘आइसुकी’ ही लहान पटाशी, आणि खुणा कापण्यासाठी एक रुंद सरळ पटाशी. धार लावायचा दगड जवळ असावा आणि तो रोज वापरावा. बोथट चाकूने लाकूड कापले जात नाही, चेंगरते, आणि ते चेंगरणे छापात राखाडी काठासारखे उमटते.

चाकू मुठीत खंजिरासारखा धरा, दुसऱ्या हाताचे मधले बोट पात्यामागे टेकवून त्याला दिशा द्या आणि हात नेहमी पात्याच्या मागे ठेवा. प्रत्येक रेषेच्या दोन्ही बाजूंनी चाकू असा कलता चालवा, की रेषेचा पाया रुंद आणि माथा अरुंद राहील. शेताच्या बांधाचा छेद जसा दिसतो, तसा. पाया अरुंद झाला, तर छापताना दाबाखाली रेषा कोसळते. रेषेच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटरवर दुसरा काप उलट्या कलाने द्या. मधली पाचर सुटून येते. त्यानंतर मोकळ्या जागा गोल कोरणीने आणि मोगरीने साफ करा. रेषांजवळ दोन मिलिमीटर खोली पुरते, पण रुंद मोकळ्या भागात तीन मिलिमीटरपर्यंत खोल जा, कारण ओला कागद तेथे झोळीसारखा लोंबतो आणि तळाचा रंग टिपतो.

पट्टी कोठे लावावी, याविषयी एक सूचना करावीशी वाटते. छपराची कड आणि पाया या लांब रेषा पोलादी पट्टीच्या आधाराने कापा. कौलांच्या रांगा मात्र हातानेच कापा. प्रत्यक्ष छपरावरही त्या हातानेच बसवलेल्या असतात आणि त्यांचे किंचित वरखाली होणे हाच छपराचा जिवंतपणा आहे.

केन्तोच्या खुणा सरळ पटाशीने एक मिलिमीटरभर खोल कापा. ज्या भिंतीला कागद टेकतो, ती अगदी उभी हवी. आतली जमीन बाहेरच्या दिशेने उतरती करा.

रंगांच्या फळ्या

मुख्य फळी कोरून झाली, की तिच्यावरून पातळ कागदावर रेषा आणि केन्तोच्या खुणा मिळून तीन छाप घ्या. यांना ‘क्योगो’ म्हणतात. प्रत्येक छापावर एका पृष्ठाचा रंग लाल पेन्सिलीने भरा आणि तो उरलेल्या तीन पृष्ठांवर पूर्वीसारखाच पालथा चिकटवा. खुणाही छापातूनच आल्यामुळे सर्व पृष्ठे एकमेकांशी आपोआप जुळतात. चिकटवताना कागद ओढू नका. ओला कागद मिलिमीटरभर सहज ताणतो आणि तेवढ्याने आकाश छपरात शिरते.

रंगाचा आकार कोरताना तो काळ्या रेषेच्या मध्यापर्यंत न्या, रेषेच्या आतल्या कडेशी थांबू नका. नामाको फरशांच्या पृष्ठावर मात्र कोणतीही रेषा मदतीला नाही. तेथे प्रत्येक फरशी हे एक उंच बेट आहे आणि सांधा ही तिच्याभोवतीची खोबण. या खोबणीची रुंदी सर्वत्र सारखी, दीड ते दोन मिलिमीटर ठेवा आणि गोल कोरणीने तिचा तळ गुळगुळीत अर्धगोल करा. या कामाला एक अख्खा दिवस द्या.

कागद

कोझो झाडाच्या सालीचा हाताने केलेला कागद यासाठी लागतो, कारण त्याचे तंतू लांब असतात आणि ओला असताना अनेक वेळा दाब सोसूनही तो फाटत नाही. जपानी हातकागदाची कला २०१४ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली आणि इमारती लाकूडकामाची पारंपरिक कौशल्ये २०२० साली. म्हणजे आपल्या चित्राचा कागद आणि त्यावरचे कोठार, दोहोंमागची कला त्या यादीत आहे. फुकुई प्रांतातील एचिझेनचा ‘होशो’ कागद छापणाऱ्यांत सर्वश्रेष्ठ मानतात, पण सरावासाठी साधा कोझो घ्यावा. कागदाला ‘दोसा’ दिलेला असावा. दोसा म्हणजे सरस आणि तुरटी यांचे कोमट पाणी. ते दिले नाही, तर रंग टीपकागदावर पसरावा तसा पसरतो.

कागदाचा एक कोपरा अचूक काटकोनात कापा आणि तेथे मागच्या बाजूला पेन्सिलीने बारीक खूण करा. हाच कोपरा कागीमध्ये बसणार आहे.

छापण्याच्या आदल्या संध्याकाळी कागद ओलसर करून ठेवा. एका टीपकागदाला रुंद कुंचल्याने पाणी लावा, त्यावर दोन-तीन कोरडे छापकागद ठेवा, पुन्हा ओला टीपकागद, अशी चळत रचून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि वर फळीचे वजन ठेवा. सकाळी कागद गालाला लावून पाहा. थंड लागावा, पण ओला लागू नये. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत ही चळत तिसऱ्या दिवशी बुरशी धरते, म्हणून काम लांबले तर ती प्लॅस्टिकसकट फ्रिजमध्ये ठेवावी.

छापणे

काळ्यासाठी काजळीची ‘सुमी’ शाई, आकाशासाठी प्रशियन निळा, दारासाठी लोहयुक्त तांबडा म्हणजे आपल्या गेरूच्या जातीचा रंग आणि त्यात थोडी सुमी, एवढे पुरते. कोरडी भुकटी पाण्यात घोटणार असाल, तर नाकाला मास्क बांधा. नळीतले चांगले जलरंगही चालतात. रंग पातळ सायीइतका दाट ठेवा.

फळी आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या. कुंचल्याने रंगाचे दोन-तीन ठिपके आणि वाटाण्याच्या दाण्याएवढी खळ फळीवर ठेवा. घोड्याच्या आखूड केसांच्या कुंचल्याने आधी गोल गोल घासून दोन्ही एकजीव करा आणि मग नसेच्या दिशेने हलके सरळ हात फिरवा, म्हणजे कुंचल्याचे ओरखडे उरत नाहीत. खळ रंगाला धरून ठेवते; ती जास्त झाली, तर छाप चकाकतो आणि कागद फळीला चिकटतो, कमी झाली तर रंग दाणेदार उमटतो.

कागद दोन्ही हातांत धरा. उजवा कोपरा कागीत टेकवा, मग डावी बाजू हिकित्सुकेला लावा, आणि मगच कागद सोडा. वरून ‘बारेन’ फिरवा. बारेन म्हणजे बांबूच्या सालीच्या दोरीची चपटी गुंडाळी, तिला कागदाच्या थरांची चकती आणि बाहेरून बांबूच्या सालीचेच आवरण. खांदा वापरून, अंगाचे वजन देत, मध्यापासून बाहेर नागमोडी फिरवा. मनगटाने घासू नका. आवरणावर अधूनमधून तेलाचे बोट फिरवले, की तो सरकत राहतो.

पहिले पाच-सहा छाप फळी पाणी पिईपर्यंत फिकेच येतात. ते वाईट कागदावर घ्या. नंतरचा क्रम असा ठेवावा. प्रथम मुख्य रेषा, पण शुद्ध काळ्यात नव्हे; सुमीत पाणी आणि निळ्याचा थेंब घालून. मग फिकट करडा. मग आकाश, दोन वेळा: पहिल्यांदा अगदी फिकट सपाट, दुसऱ्यांदा ‘बोकाशी’, म्हणजे रंगाची उतरण. त्यासाठी आकाशाचा भाग ओला करा, कुंचल्याच्या एकाच टोकाला रंग घ्या आणि वरच्या कडेला तो आडवा चालवा. ओल्या भागाकडे रंग आपोआप विरत जातो. प्रत्येक कागदाला फळी पुन्हा पुसून हेच करावे लागते आणि दोन उतरणी अगदी सारख्या कधी येत नाहीत. मग दाराचा तपकिरी.

अखेरीस गडद करडा, दोन वेळा. पहिला छाप खळ थोडी कमी ठेवून आणि हलक्या दाबाने घ्या, म्हणजे ‘गोमा-झुरी’ मिळते. तिळासारखे पांढरे ठिपके राहतात आणि भाजलेल्या फरशीचा खरखरीतपणा दिसतो. दुसरा छाप पूर्ण जोर देऊन घ्या. येथे आता ती गोष्ट घडते, जिच्यासाठी खोबणीचा तळ अर्धगोल केला होता. फरशीच्या बेटांवर कागद दाबला जातो, सांध्यांच्या खोबणींत मात्र तो ओलसर असल्यामुळे आत शिरतो. कागद उचलून खिडकीच्या उजेडात तिरपा धरा. काळ्या फरशा किंचित खाली गेलेल्या आणि पांढरे सांधे बोटाला लागतील इतके वर आलेले दिसतील, जसे कुराशिकीच्या भिंतीवर असतात. हा उठाव अधिक हवा असेल, तर वीस मिनिटांनी तोच कागद त्याच फळीवर रंग न लावता पुन्हा बसवा आणि बारेनऐवजी सुती कापडाच्या घट्ट बोळ्याने सांध्यांवर दाब द्या. याला ‘काराझुरी’, म्हणजे कोरा छाप म्हणतात.

काही बिघडले तर

रंग सर्व कागदांवर एकाच बाजूला सरकला असेल, तर दोष केन्तोचा आहे: खुणेच्या भिंतीला लाकडाची पातळ कातळी चिकटवा किंवा ती केसभर मागे कापा. एखाद्याच कागदावर सरकला असेल, तर दोष हाताचा आहे. सगळ्याच रंगांचे जुळणे दुपारनंतर बिघडू लागले, तर कागद वाळून आखडला आहे. चळत पुन्हा ओलसर करा आणि तासभर थांबा. आकारांच्या कडांना गडद काठ येत असेल, तर फळीवर पाणी जास्त आहे. मोडलेली बारीक रेषा दुरुस्त करता येते: तेवढा भाग चौकोनी कापून काढा, त्याच लाकडाचा तुकडा नस जुळवून बसवा, चिकटवा, आणि पुन्हा कोरा.

वाळवणे आणि सही

छापलेले कागद उघड्या हवेत टांगू नका. ते सुरकुततात आणि सांध्यांचा उठाव वेडावाकडा होतो. कोरड्या टीपकागदांच्या मध्ये ठेवून वर जाड पुठ्ठा आणि हलके वजन द्या. वजन जड झाले, तर उठाव सपाट होतो. टीपकागद पहिल्या दिवशी दोनदा आणि नंतर तीन दिवस रोज बदला. मग सर्व छाप शेजारी शेजारी मांडा, ज्यांचे रंग जुळले नाहीत ते बाजूला काढा, आणि उरलेल्यांवर चित्राखालच्या मोकळ्या जागेत पेन्सिलीने डावीकडे क्रमांक, जसे ३/१५, आणि उजवीकडे सही करा. शाईच्या पेनाने सही करू नका, ती पुढे कागदात फुटते. चौकट करायची असेल, तर काच कागदाला टेकू नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याची खिडकी घाला. ती साधारण दोन मिलिमीटर जाड असावी, म्हणजे भिंतीचे सांधे काचेखाली मोकळे राहतील आणि बाजूने येणाऱ्या उजेडात त्यांची बारीक सावली फरशांवर पडेल.